बेथलेहेमचा तारा आणि मीनेतली युती

श्रोतेहो, २१ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ आठवते का? दिवेलागणीनंतर नैऋत्येला गुरू आणि शनी इतके जवळ आले होते, की अकोल्याच्या आमच्या गच्चीवरून ते जवळजवळ एकच दिसत होते. शेजारचे काकाजी मूळचे अमरावतीचे, पत्रिका पाहणारे. म्हणाले, "नाताळच्या तोंडावर आलं हे. येशूचा तारा असाच असंन काय जी? वेळ काढून द्या, पत्रिका मांडतो."

काकाजींची शंका चारशे वर्षांची जुनी. केप्लरने डिसेंबर १६०३ मध्ये अशीच युती पाहिली आणि मागचे गणित करत तो इसवी सनापूर्वी ७ या वर्षापर्यंत पोहोचला. त्या वर्षी गुरू-शनी मीन राशीत एकदा नव्हे, तीनदा जवळ आले. सायन घ्या की निरयन, तेव्हा फरक चारेक अंशांचाच; रास मीनच येते. मीन म्हणजे गुरूचे स्वगृह! काकाजी खूश. २०२० ची युती मकरेतली, तिथे गुरू नीचीचा.

पण त्या वर्षी दोघांत अंतर राहिले सुमारे एक अंशाचे, म्हणजे दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी मावतील एवढे. २०२० मध्ये ते अंशाचा दहावा भाग होते. म्हणजे तेव्हा 'एक तारा' कुणालाच दिसला नसणार. आणखी गंमत अशी, की बाबिलोनी ज्योतिषांनी मातीच्या पाट्यांवर लिहिलेले त्या वर्षाचे पंचांग आजही आहे. गुरू-शनी मीनेत असल्याची नोंद त्यात आहे, युतीचा वेगळा उल्लेख मात्र नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातले मागी लोक पूर्वेचे, आकाश वाचणारे. पण त्यांचा तारा पुढे चालतो आणि बाळ होते त्या जागेवर येऊन थांबतो. असे कोणतीही युती करत नाही.

इतिहासाचे तर आणखी अवघड. मत्तय म्हणतो, जन्म हेरोद राजाच्या काळात झाला. हेरोद बहुतेकांच्या मते इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला. लूक ज्या क्विरिनियसच्या वेळची खानेसुमारी सांगतो, ती इतिहासात इसवी सन ६ मध्ये झालेली. किमान नऊ वर्षांची तफावत! सनाची मोजणी तर डायोनिसियस नावाच्या साधूने ५२५ च्या सुमारास बसवली. २५ डिसेंबर शुभवर्तमानांत नाहीच. रोममध्ये तो पाळल्याची जुनी नोंद ३३६ सालची.

लग्न दर दोन तासांनी बदलते, आणि इथे वर्षाचाच पत्ता नाही. काकाजींनी पेन्सिल खाली ठेवली.

मी म्हटले, "काकाजी, तुम्ही शेगावला जाता. गजानन महाराजांची जन्मतिथी कोणती?"

"प्रकट दिन हाय ना. माघ वद्य सप्तमी." १८७८ चा २३ फेब्रुवारी. त्याआधीचे आपण विचारत नाही, आणि वारीत कुणाचे अडतही नाही.

काकाजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग पुढची युती कवा?" २०४० च्या ऑक्टोबरअखेर, पहाटे, कन्या राशीत. त्यांनी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले.