नकार पचविताना



कर्तबगार माणसांच्या चरित्रांत त्यांना मिळालेल्या नकारांच्या वाट्याला सहसा एखादीच ओळ येते. 'सुरुवातीला अडचणी आल्या' एवढे म्हणून चरित्रकार पुढे सरकतो. प्रत्यक्षात त्या एका ओळीत माणसाची कित्येक वर्षे खर्ची पडलेली असतात. मुलाखतीनंतर न आलेले नेमणुकीचे पत्र, बँकेने परत केलेले कर्जाचे प्रकरण, जमत जमत मोडलेली सोयरीक, यांपैकी एकही अनुभव नसलेले घर सापडणे कठीण. साधुजीवनातील बावीस परीषहांत 'याचना' आणि 'अलाभ' हे दोन परीषह वेगवेगळे मोजलेले आहेत. मागणे अवघड असते आणि मागून न मिळणे हे निराळ्या प्रकारे अवघड असते, हे त्या गणनेने फार पूर्वीच ओळखले.

नकारातून शिकावे, असे सगळेच सांगतात. काय शिकावे, हे मात्र नकार कोणत्या जातीचा आहे यावर ठरते. काही नकार मागणाऱ्याची उणीव दाखवितात, तर काही नाकारणाऱ्याची. आपली उणीव असताना जगाला बोल लावला तर शिकणेच खुंटते. आणि समोरच्याच्या संकुचित वृत्तीमुळे मिळालेला नकार स्वतःच्या नालायकीचा दाखला मानला तर चांगला माणूसही आतून खचतो. ही निवड करणे हेच खरे अवघड काम आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या आयुष्यात या दोन्ही जाती भेटतात. 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. 1908 च्या सुमारास अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर स्नान केल्याखेरीज पंगतीत बसता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. हे घडले ते आपल्याच समाजाच्या वास्तूत, हे सुवर्णमहोत्सवाच्या मंडपात सांगणे थोडे अवघड वाटले तरी सांगितलेच पाहिजे.

शालेय शिक्षणातही त्यांना यश आले नाही. मॅट्रिकचा टप्पा त्यांनी ओलांडला नाही. हा नकार पहिल्या जातीचा, आणि भाऊरावांनी तो तसाच घेतला. साताऱ्यास शिकवण्या करून ते 'पाटील मास्तर' झाले. पुढे ओगले यांच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या नांगराची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. खेड्यातील दारिद्र्य आणि निरक्षरता यांची त्यांना झालेली ओळख याच पायपिटीत पक्की झाली. पदवी मिळाली असती तर ही भटकंती घडली असती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

वसतिगृहातील नकार दुसऱ्या जातीचा होता. तो त्यांनी कसा पचविला, हे 1914 मधील डांबर प्रकरणात दिसते. कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचा आळ अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर आला. भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले तेव्हा तेथील अधीक्षक हेच लठ्ठे होते. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. जुना हिशेब चुकता करण्याची संधी घरी चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष नाकारली, तुरुंगवास आणि छळ सोसला. नाकारले गेल्याची जखम सूड उगविण्यासाठी वापरायची नाही, हे त्यांनी कोणत्याही भाषणाविना सिद्ध केले.

त्या जखमेचा त्यांनी वेगळाच उपयोग केला. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि 1924 मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. ज्या कारणासाठी त्यांना पंगतीतून उठावे लागले, त्या कारणाला या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जागाच उरली नाही. मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह दागिने दिले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले. पुढे 1948 मध्ये सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हाही भाऊरावांनी शाळांना कुलूप लावले नाही. अनुदान नंतर पुन्हा सुरू झाले.

याच पिढीतील सोलापूरचे वालचंद हिराचंद उद्योगाच्या क्षेत्रातील. 1919 मध्ये सिंदिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले ते 5 एप्रिलला. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु ते जहाज स्वतः फार काळ चालले नाही. मूळचे उतारूंचे जुने जहाज मालवाहतुकीला सोयीचे नव्हते. 1923 मध्ये ते मोडीत निघाले. तो धडा जहाजाच्या निवडीविषयी होता, सागरी व्यापाराच्या स्वप्नाविषयी नव्हता. जहाजबांधणीसाठी कलकत्त्यात जागेचे जमले नाही, तेव्हा वालचंद विशाखापट्टणमला गेले आणि 14 मार्च 1948 रोजी तेथून 'जलउषा' पाण्यात उतरली. मोटारीसाठी 1939 मध्ये अमेरिकेला गेलेले वालचंद मोटारीऐवजी विमानाच्या कारखान्याची कल्पना घेऊन परतले. 1940 मध्ये बंगलोरला तो कारखाना उभा राहिला. मोटारीची कंपनी मात्र 1944 मध्येच स्थापन होऊ शकली. दार बंद दिसले की ते भिंतीची लांबी मोजायला निघत.

उद्योगातील नकाराला निदान कारण तरी असते. घरातील नकार बहुधा मौनातून येतो. मुलगी पाहून गेलेली मंडळी महिनोन्महिने कळवीत नाहीत, विचारले तर 'पत्रिका जुळत नाही' असे सोयीचे उत्तर येते. त्या मौनाच्या काळात ती मुलगी स्वतःच्या रंगात, शिक्षणात, घराच्या परिस्थितीत दोष शोधीत राहते. आठ दिवसांत स्पष्ट आणि सभ्य शब्दांत दिलेला नकार यापेक्षा कितीतरी दयाळू. मुलाकडच्यांना हे कळत नाही असे नाही; अवघड बोलणे टाळण्याची ती सवय आहे. आईवडिलांनीही परत आलेल्या स्थळाची चर्चा मुलीच्या देखत चार नातेवाइकांत करू नये.

शिष्यवृत्ती, वैद्यकीय मदत, वसतिगृहातील जागा, यांसाठी संस्थांकडे येणारे सर्वच अर्ज मंजूर करता येत नाहीत. निधी मर्यादित असतो. पण नामंजूर अर्जदाराला उत्तरच न जाणे, किंवा त्याने फेऱ्या मारीत राहणे, हे निधीच्या कमतरतेने घडत नाही. अर्जात कोणता कागद कमी होता, उत्पन्नाची अट कुठे आडवी आली, पुढील अर्ज कोणत्या महिन्यात करता येईल आणि तोवर आणखी कोठे मदत मिळू शकेल, एवढ्या चार ओळी पोस्टकार्डावरही मावतात.