यात माझे किती?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या माहेरगावी सातवीपर्यंत. पण सेक्रेटरीबाईंनी 'आपली मालमत्ता' हा विषय दिला आणि मला नाही म्हणवेना. कारण २०२१ सालच्या पुराने या विषयाची उजळणी आपणां महाडकरांकडून चांगलीच करून घेतली आहे.

त्या २२ जुलैला सावित्री-गांधारीचे पाणी बाजारपेठेत होते. आमचे किराणा दुकान पुढे, बिऱ्हाड मागे. शेजारच्या माडीवर जीव वाचला. पाणी ओसरल्यावर पाहते तो तांदूळ, साखर, फ्रीज, शिलाईचे मशीन, सारे चिखलात! आदल्या दिवशी कोणी विचारले असते, तर हीच आमची श्रीमंती म्हणून मी दाखवली असती.

सर्वांत वाईट वाटले ते उधारीच्या वहीचे. लोकांकडून येणे असलेला पैसा हीसुद्धा मालमत्ताच की! वहीचा लगदा झाला होता. पण पुढे निम्म्याअधिक गिऱ्हाइकांनी आपण होऊन आकडे सांगितले व जमेल तसे फेडले. बाकीच्यांचे मी बेरजेत धरीत नाही.

दिवाळीनंतर आम्ही दोघे हिशेबाला बसलो. एका बाजूस पोस्टाचे पुस्तक, बँकेतील ठेव, सोने, घर, दुकानातला माल, यजमानांचा विमा. सोन्याला सराफ मोडीचा जो भाव देईल तोच धरावा; घडणावळ आणि खडे त्यात येत नाहीत. विम्याचेही तसेच. पॉलिसीवर पाच लाख छापले म्हणून ते आज आपल्या हाती नसतात. आज बंद केली तर काय मिळेल, तेवढेच लिहायचे. (हे कळल्यावर मी हिरमुसले होते.) मग दुसऱ्या बाजूचे बँकेचे कर्ज, बचत गटाचे कर्ज आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणे वजा केले. उरलेला आकडा पाहून यजमान बराच वेळ बोलले नाहीत.

मी विचारले, "यात माझे किती?"

"सगळे तुझेच की!"

बोलणे गोड, पण घर सासऱ्यांच्या नावावर, दुकान यजमानांच्या. माझे म्हणजे पोस्टाचे पुस्तक आणि लग्नातले सोने. ते स्त्रीधन, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यावर बाईची पूर्ण मालकी मानली आहे.

एक ओळ मात्र लिहायची राहून गेली होती. वडील वारल्यावर गावच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर माझेही नाव लागले आहे. थोडी भाताची खाचरे, बाकी वरकस. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तरी मी तो हिस्सा कधी मोजलाच नव्हता. मोजावासा वाटला तो दादा मुंबईहून हक्कसोडाचा कागद घेऊन आला तेव्हा.

मी म्हटले, "दादा, आधी किंमत तर काढू. द्यायचेच झाले तर किती देते आहे ते कळून देईन." तो न जेवताच गेला. त्या रात्री मलाही घास गेला नाही, हे खोटे कशाला सांगू?

वर्षभर रुसवा होता. मागच्या भाऊबीजेला आला, ओवाळून घेतले, कागदाचे नाव काढले नाही. कागद माझ्या ट्रंकेत तसाच आहे, बिनसहीचा. जमिनीची ओळ मी वहीत लिहिली आहे. दुय्यम निबंधकांच्या कचेरीतून सरकारी दर विचारून आले, की पुढे आकडा घालीन.