काळ्या पुडीचे मोल
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



अशा प्रसंगी शिक्षकाने शिक्षणावर बोलावे असा संकेत आहे. मी मात्र भंगारावर बोलणार आहे. त्याचे कारण शाळेतच घडले.

गेल्या वर्षी मी वर्गात टॉर्चचा साधा सेल उघडून त्यातील जस्ताचे भांडे व कार्बनची कांडी मुलांस दाखविली. थोड्याच दिवसांनी एका विद्यार्थ्याने घरामागे मोबाईलची फुगलेली बॅटरी दगडाने ठेचली. भडका उडाला, तळहात भाजला. तांबे काढून विकावे, एवढाच त्याचा हेतू. या दोन सेलांतील फरक मी सांगितला नव्हता, दोष माझा.

लिथियमच्या बॅटरीत तांब्याचा एक व अॅल्युमिनियमचा एक असे अतिशय पातळ पत्रे गुंडाळलेले असतात. मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा, आणि सर्वत्र पेट घेणारा द्रव. पापुद्रा फाटला की दोन्ही बाजू भिडतात, उष्णता वाढते व द्रव पेटतो. धूरही विषारी. आता गंमत पाहा. पोरे तांबे ठेवतात आणि काळी पूड उकिरड्यावर झटकतात. खरे मोल तर त्या पुडीत! अॅल्युमिनियमवरील लेपात लिथियम असते, आणि मोबाईलच्या बॅटरीत बहुधा कोबाल्टही. हा कोबाल्ट मुख्यत्वे आफ्रिकेतील काँगो देशातून येतो. तेथील खाणींत लहान मुलेही राबली आहेत. एका मुलाने खणून काढावे, दुसऱ्याने फेकून द्यावे, असा हा व्यवहार.

सराफाच्या दुकानापुढील धूळ धुऊन सोने काढणारा झारेकरी जुन्या माणसांस आठवत असेल. हैदराबादच्या सी-मेट या सरकारी संस्थेने तेलंगण शासनाच्या सहकार्याने तसाच उद्योग रसायनांनी साधला आहे. पूड आम्लात विरघळवून त्यातून एकेक धातू निराळा करतात. लिथियम, कोबाल्ट, निकेल व मँगनीज यांचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग हाती येतो. २०२३ च्या जूनमध्ये ही कृती नऊ उद्योगांस देण्यात आली.

हे आदिलाबादेत घरोघर करावे काय? मुळीच नाही. आम्लाची पिंपे गल्लीत नकोत. आपल्या वाट्याचे काम गोळा करण्याचे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे या बॅटऱ्या इतर कचऱ्यात टाकता येत नाहीत. त्या नोंदणी झालेल्या कारखान्याकडे पोहोचल्या पाहिजेत.

आपल्यातील काही घरांची चूल भंगारावर पेटते, हे मी जाणतो. त्यांचा धंदा काढून घेण्याचा माझा विचार नाही. म्हणून सूचना इतकीच : ट्रस्टच्या कचेरीत कोरड्या वाळूने भरलेली प्लॅस्टिकची बादली उन्हापासून दूर ठेवावी. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. फुगलेली असेल ती निराळी ठेवावी. आणणाऱ्यास, मग ते पोर का असेना, वजनाप्रमाणे रोख पैसे द्यावेत. फुकट मागाल तर ती पुन्हा दगडाखाली जाईल. माल साठला की चिटणीसांनी कारखान्याशी पत्रव्यवहार करावा. आरंभीच्या पैशांची तरतूद विश्वस्तांनी आजच्या बैठकीत करावी, अशी माझी विनंती आहे.

माझ्या घरातून तीन निघाल्या. टोकांना पट्टी लावून आणल्या आहेत. बादली येईपर्यंत चिटणीसांनी त्या सांभाळाव्यात.