विधी स्वयंसेवक व्हायचंय?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
पण वेळ आलीच, तर?
धारणीच्या एखाद्या बाईनं, बार्शीटाकळीच्या शेतकऱ्यानं
विचारायचं कुणाला?

विधी स्वयंसेवकाला.

त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही.
पुन्हा सांगते, पदवी लागत नाही.
साधारण दहावीपर्यंतचं शिक्षण,
आणि समोरच्याचं ऐकून घ्यायची तयारी हवी.
ही दुसरी गोष्ट जास्त अवघड!

अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक, बचत गटातल्या महिला,
कायद्याचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात.

निवड आणि प्रशिक्षण
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं.
अमरावतीतही, अकोल्यातही.
मूलभूत हक्क शिकवतात.
कौटुंबिक कायदे शिकवतात.
अटक झालेल्या माणसाचे हक्क शिकवतात.
मेळघाटात काम करताना कोरकू भाषा येत असेल,
तर निम्मं काम तिथंच झालं.

मात्र ही पगारी नोकरी नव्हे.
कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं.
आणि कोर्टात बाजू मांडायची, ती वकिलानंच.

भरतीची सूचना कधी निघणार,
हे प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा.
आणि कायद्याची मदत हवी असेल,
तर 15100 वर फोन करा.
एक, पाच, एक, शून्य, शून्य.