हातास काम, मनास आधार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर विद्वान व कर्तबगार मंडळींनी बोलावे अशी आपली प्रथा आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारी हयात प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेलेली. तरीही कार्यकारी मंडळाने ‘काही उपयोगाचे सांगा’ असा आग्रह केला व तो आम्हांस मोडवेना. सेवानिवृत्तीनंतर वाचनास जी फुरसत मिळाली, तीत एक विषय आमच्या मनात घर करून राहिला आहे. तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरचा आहे, म्हणूनच तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहोत. विषय आहे व्यवसायोपचाराचा; आणि त्यातही वृद्धांच्या शुश्रूषेत व मानसिक व्याधींत त्याचा उपयोग किती, याविषयी झालेल्या संशोधनाचा.

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. व्यवसाय म्हटले की आपणांस पोटापाण्याचा धंदा आठवतो. इंग्रजीत ज्यास ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, त्यातील व्यवसायाचा अर्थ याहून पुष्कळ व्यापक आहे. सकाळी उठून तोंड धुणे, सदऱ्याची बटणे लावणे, देवपूजा, भाजी निवडणे, नातवाला शाळेत पोचविणे, दुकानात बसणे, चार स्नेह्यांत गप्पा करणे, अशा ज्या ज्या गोष्टींत मनुष्याचा दिवस व जीव गुंतलेला असतो, त्या सर्व व्यवसायच होत. आजाराने, अपघाताने वा वयोमानाने या गोष्टी हातून निसटू लागल्या, तर त्या पुन्हा कशा साधाव्यात, अथवा निराळ्या रीतीने कशा कराव्यात, हे शिकविणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार.

या विचाराचे मूळ जुने आहे. इंग्लंडमधील यॉर्क या गावी विल्यम ट्यूक नामक क्वेकर पंथीय सद्गृहस्थाच्या पुढाकाराने १७९६ साली मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ नावाचे गृह उघडले. त्या काळी वेड्यांना साखळदंडात ठेवण्याची रीत होती. तेथे मात्र त्यांना माणसाप्रमाणे वागविण्यात येई आणि बागकाम, शिवणकाम यांसारख्या कामांत गुंतविण्यात येई. पुढे अमेरिकेत १९१७ साली या उपचाराचा पुरस्कार करणारी संस्था स्थापन झाली, आणि अडॉल्फ मायर या मनोरोगतज्ज्ञाने काम, खेळ, विश्रांती व झोप यांच्या समतोलावर मनाचे आरोग्य अवलंबून असते, असा सिद्धान्त १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला.

आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट अशी की, या शास्त्राची भारतातील पहिली शाळा आपल्या मुंबईत, के. ई. एम. रुग्णालयात, १९५० साली सुरू झाली. तिच्या संस्थापिका श्रीमती कमलाबाई निंबकर. त्या जन्माने अमेरिकन, परंतु विवाहाने निंबकरांच्या घरच्या झाल्या व या देशाच्याच होऊन राहिल्या. १९५२ साली या विषयाचा जागतिक संघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारताचेही नाव होते. असे असूनही आज आपल्या मंडळींपैकी कितीजणांनी हा शब्द ऐकला आहे, असे विचारले तर फारसे हात वर होणार नाहीत.

आता संशोधनाकडे वळू. ‘काम केल्याने बरे वाटते, यात काय मोठेसे सांगितले?’ असे कोणी म्हणेल. परंतु बरे वाटणे निराळे आणि बरे होते हे पडताळून पाहणे निराळे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात फ्लॉरेन्स क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ वर्षांपुढील ३६१ स्त्री-पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट पाडले. पहिल्या गटास व्यवसायोपचार तज्ज्ञांनी नऊ महिने मार्गदर्शन केले. दुसऱ्या गटास तितक्याच काळ खेळ, सहली, चित्रपट, हस्तकला अशी करमणूक दिली. तिसऱ्यास काहीच दिले नाही. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटाची प्रकृती, हिंडण्याफिरण्याची शक्ती व समाधान यांत इतरांहून स्पष्ट फरक दिसला. दुसरा गट मात्र तिसऱ्याहून यत्किंचितही सरस ठरला नाही!

बंधुभगिनींनो, या निष्कर्षावर आपण क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. म्हाताऱ्यांना सहलीस नेले, त्यांच्यापुढे दूरदर्शन संच लावून दिला, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. केवळ वेळ घालविणे हा उपचार नव्हे, असे हे संशोधन सांगते. पहिल्या गटातील प्रत्येकास स्वतःच्या दिनक्रमाचा विचार करावयास शिकविले होते. मला काय करावेसे वाटते, त्याच्या आड काय येते, ती अडचण कशी दूर करावी, हे ज्याचे त्याने ठरविले. इतरांनी योजलेली मौज आणि आपण निवडलेले काम यांतील अंतर येथे दिसून येते.

परंतु शिक्षकाने धड्याचा अर्धाच भाग सांगू नये. याच धर्तीवर इंग्लंडमधील शेफील्ड व वेल्समधील बँगर येथे २८८ वृद्धांवर प्रयोग झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात मानसिक स्वास्थ्यात म्हणावा तसा फरक आढळला नाही. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीतही तीच कथा. हॉलंडमधील नायमेगेन येथे घरी राहणाऱ्या १३५ रुग्णांवर व त्यांची देखभाल करणाऱ्या आप्तांवर प्रयोग झाला. पाच आठवड्यांत केवळ दहा भेटी दिल्या, तरी रुग्णांची नित्याची कामे सुधारली आणि आप्तांचा आत्मविश्वास वाढला, असे २००६ साली दिसून आले. पुढे जर्मनीत व २०२१ साली इंग्लंडात तीच पद्धत जुळवून घेऊन वापरली, तेव्हा नेहमीच्या सेवेहून ती सरस ठरली नाही.

मग हे शास्त्र खोटे समजावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. एकच क्रमिक पुस्तक एका शाळेत उत्तम निकाल देते आणि दुसऱ्या शाळेत देत नाही, हे आम्ही उभी हयात पाहिले आहे. शिकविणारा कोण, मुले कोणत्या घरची, आधी काय शिकून आलेली, यावर सारे अवलंबून असते. जेथे नेहमीची सेवाच बरी आहे, तेथे नव्याचा फरक थोडा दिसणार. सारांश, व्यवसायोपचार ही जडीबुटी नव्हे. तो माणूस पाहून, घर पाहून, मापाने बेतावा लागतो; आणि माप घेतल्याविना कापडास कात्री लावू नये, हे आपल्या शिंपी समाजास आम्ही काय सांगावे?

आणखी एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे ५३० वृद्धांपैकी निम्म्यांच्या घरी व्यवसायोपचार तज्ज्ञ गेले. सरकणारी सतरंजी, निसरडी न्हाणी, अंधारा जिना, पायात न ठरणारी चप्पल, यांविषयी त्यांनी सूचना केल्या. १९९९ सालच्या अहवालानुसार, जे आदल्या वर्षी एकदा तरी पडले होते, त्यांचा पुन्हा पडण्याचा धोका एक-तृतीयांशाहून अधिक घटला. हे केवळ घरातील फेरफारांमुळे झाले नसावे, असेही संशोधकांनी प्रांजळपणे नोंदविले. जाणत्या माणसाने घरी येऊन समजावल्यामुळे वृद्धांची वागण्याची रीतच सावध झाली असावी. मांडीचे हाड मोडून अंथरुणास खिळलेली आजी ज्या घराने पाहिली आहे, त्यास या आकड्याचे मोल सांगावयास नको.

मानसिक व्याधींविषयी आपल्याकडे एक समज दृढ आहे. मुलाचे डोके एकदा बिघडले, की त्यास कामाचा ताण देऊ नये, नाहीतर रोग उलटेल. युरोपातील सहा ठिकाणी तीव्र मानसिक आजाराच्या ३१२ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना प्रथम दीर्घ प्रशिक्षण व नंतर नोकरी, ही जुनी रीत लावली. उरलेल्यांना त्यांच्या आवडीची खरी नोकरी आधी मिळवून देऊन मग पाठीशी माणूस उभा ठेवला. या दुसऱ्या गटातील ५५ टक्के रुग्णांनी काम केले, तर पहिल्यातील केवळ २८ टक्क्यांनी. शिवाय रुग्णालयात पुन्हा दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण काम करणाऱ्यांच्या गटात वाढले तर नाहीच, उलट कमी झाले. अर्थात औषधे व डॉक्टरांचा सल्ला चालू होताच. कामाने औषधाची जागा घ्यावी, असे कोणीही म्हणत नाही.

एक इशारा येथे आवश्यक आहे. जुन्या काळी अनेक देशांच्या वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांकडून फुकट राबवून घेत आणि त्यास उपचाराचे नाव देत. म्हणून आपल्या देशाच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, संस्थेतील रुग्णास सक्तीने काम करावयास लावू नये व त्याने काम केल्यास योग्य मोबदला द्यावा, असा हक्क दिला आहे. घरातही हाच न्याय हवा. आजोबांना गुंतविणे म्हणजे त्यांच्यावर दळण-बाजाराचा भार टाकणे नव्हे.

आता आपल्या समाजाकडे पाहू. आपला धंदा हाताचा. ज्या कारागिराने पन्नास वर्षे बेतले, शिवले, काजे केली, त्याची नजर मंदावली की मुले म्हणतात, ‘बाबा, पुष्कळ केलेत, आता स्वस्थ बसा.’ बोलणारा प्रेमानेच बोलतो. परंतु ऐकणाऱ्याच्या कानी ‘आता तुमची गरज नाही’ एवढेच पडते.

आमच्या एका चुलत्यांस विस्मरणाचा आजार जडला. घरच्यांनी भीतीने कात्री, सुई, यंत्र सारे दूर ठेवले. चुलते दिवसभर उंबऱ्याशी जाऊन ‘दुकान उघडायचे आहे’ म्हणून हट्ट धरीत, आणि त्यांस आवरता आवरता आमच्या वहिनी रडकुंडीस येत. एका व्यवसायोपचार तज्ज्ञ भगिनीने घरी येऊन प्रथम विचारले, ‘यांचा दुकानातला दिवस कसा सुरू होई?’ मग तिने सुचविल्यावरून रोज सकाळी त्यांच्यापुढे बटणांचा डबा ठेवण्यात येऊ लागला. आकार व रंग पाहून बटणे निवडावयाची, टेपने चिंध्यांची मापे घ्यावयाची, घड्या घालावयाच्या. कात्री नाही, सुई नाही. आजार काही हटला नाही व ते पुढे दोन वर्षांनी निवर्तले. परंतु उंबऱ्याशी चालणारा तो झगडा पुष्कळ कमी झाला, आणि वहिनींस दुपारी घटकाभर पाठ टेकता येऊ लागली. हे एका घरचे उदाहरण झाले, यास आम्ही संशोधन म्हणत नाही. परंतु संशोधनात ज्यास देखभाल करणाराचा भार म्हणतात, तो बहुधा घरच्या सुनेच्या वा लेकीच्या शिरावर असतो, हे या निमित्ताने पुरुषवर्गाने ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. हे मंडळ वधू-वर मेळावे भरविते. ते कार्य स्तुत्यच आहे. परंतु घरात कोणास मानसिक आजार असला, तर बहिणीचे लग्न अडेल या धास्तीने तो दडविण्यात येतो. रुग्णास मागल्या खोलीत बसवून ठेवतात, पाहुण्यांसमोर येऊ देत नाहीत, दुकानात उभे करीत नाहीत. ज्या माणसास लोकांत मिसळण्याची व कामाची सर्वांत अधिक गरज, त्यासच आपण दोन्हींपासून तोडतो! दमा अथवा मधुमेह आपण दडवीत नाही. मग मनाच्या आजाराचीच लाज का? ज्ञातिमंडळाने जर या बाबतीत धीर दिला नाही, तर तो कोणी द्यावा?

भारतात साठ वर्षांपुढील माणसे २०११ च्या जनगणनेत सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने यांपैकी शंभरांत सातांहून अधिकांस स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज केला आहे. सर्वांसाठी रुग्णालये पुरणार नाहीत. घर व समाज यांनाच पुढे व्हावे लागेल. म्हणून आम्ही मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो.

पहिली : आपले सभागृह लग्नसराई वगळता दुपारी कुलूपबंद असते. आठवड्यातून दोन दुपारी ते वृद्धांसाठी उघडावे. तेथे केवळ पत्ते व चहा नको. जुन्या कारागिरांनी मुलामुलींना हातशिलाई, तुरपाई, काजे शिकवावीत. ज्यास जे आवडेल व झेपेल ते त्याने स्वतः निवडावे. महिन्यातून एकदा व्यवसायोपचार तज्ज्ञास मानधन देऊन बोलवावे.

दुसरी : मंडळाच्या शिष्यवृत्त्या अभियांत्रिकी व वैद्यकीकडेच जातात. त्यांपैकी एक व्यवसायोपचाराच्या पदवीसाठी राखून ठेवावी. हा अभ्यासक्रम मुंबईच्या के. ई. एम., शीव व नायर येथे, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकता येतो.

तिसरी : ज्या ज्ञातिबांधवांची दुकाने वा कारखाने आहेत, त्यांनी मानसिक आजारातून सावरत असलेल्या एकेका तरुणास, वैद्यांच्या सल्ल्याने, दिवसाचे दोन तास का होईना, योग्य मजुरीवर काम द्यावे. दया म्हणून नव्हे, कारागीर म्हणून.

‘हातपाय चालते आहेत तोवर डोळे मिटावेत’ असे आपली वडीलधारी माणसे नेहमी म्हणतात. ही मरणाची इच्छा नव्हे. कोणाच्या तरी उपयोगी पडत जगावे, ही इच्छा आहे. हातपाय थोडे कमी चालू लागले, तरी ती इच्छा पुरी करण्याचा मार्ग शास्त्राने दाखविला आहे. त्या मार्गाने चालावयाचे की नाही, हे आपण येत्या सर्वसाधारण सभेत ठरवावे. तिन्ही सूचना लेखी स्वरूपात चिटणिसांकडे दिल्या आहेत.