गाठ का सुटते?



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकला, साहित्य ऐकले, अर्थकारणही ऐकले. आज आम्ही आपल्यापुढे गाठीविषयी बोलायला उभे आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते मालधक्क्यावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. परंतु एका गाठीपायी एका कष्टकऱ्याचा खांदा कायमचा निकामी झालेला आम्ही पाहिला, आणि त्या प्रकरणात आमचीही एक चूक झाली. ती चूक चारचौघांत सांगावी म्हणून हे निमंत्रण आम्ही स्वीकारले.

मराठी घरात गाठीची दोन नावे सर्वांस ठाऊक असतात. एक निरगाठ आणि दुसरी सुरगाठ. निरगाठ नखे मोडली तरी सुटत नाही; सुरगाठ एक टोक ओढताच मोकळी होते. आज आम्ही बोलणार आहोत ती गाठ निराळी. दोर खुंट्याला, वाशाला किंवा कडीला बांधायचा, ती ही गाठ. शेतकरी दावे खुंट्याला बांधतो तेव्हा हीच बांधतो. इंग्रजीत या जातीला 'हिच' म्हणतात. हिचा विशेष असा की खुंटा मधून काढून घेतला तर पुष्कळदा गाठ उरतच नाही, नुसता दोर हाती राहतो. म्हणजे ही गाठ एकट्या दोराची नव्हे. ती दोराची आणि खुंट्याची मिळून आहे. दोहोंपैकी एक बदलले की गाठही बदलली.

आता ही काठी आणि हा दोर पाहा. काठीला एक वेढा दिला, दोर स्वतःवरून तिरपा नेला, त्याच दिशेने दुसरा वेढा दिला आणि टोक त्या तिरप्या दोराखालून काढले. दोन्ही टोके एकाच दोराखालून, पण विरुद्ध बाजूंना निघाली. ही 'क्लोव्ह हिच'. आता पुन्हा बांधतो. पहिला वेढा तसाच. दुसरा मात्र उलट फिरवला. दोन्ही टोके एकाच बाजूने, शेजारी शेजारी बाहेर आली. ही 'काऊ हिच'. वेढे तितकेच, दोर तोच, हातही तोच. परंतु हिच्या एकाच टोकावर भार दिला तर ती सरकू लागते. दोन्ही टोकांवर सारखा भार असेल तर ती चांगली धरते. फरक केवळ दुसऱ्या वेढ्याच्या दिशेचा आहे.

क्लोव्ह हिचलाही तिच्या खोडी आहेत. भार हलत राहिला की ती ढिली होते. खांब फिरणारा असेल तर ती उलगडत जाते. आणि मुख्य गोष्ट अशी की ती आडव्या ओढीसाठी आहे. ओढ काठीच्या लांबीच्या दिशेने आली, तर ती काठीवरून घसरते. अशा वेळी ज्या बाजूने ओढ येणार, त्या बाजूला आणखी एक वेढा द्यावा लागतो. त्या गाठीला 'रोलिंग हिच' म्हणतात. तो जादा वेढा चुकून दुसऱ्या बाजूला पडला, तर त्याचा उपयोग नाही.

आता ती हकिगत. साल २००४. एका इमारतीच्या कामावर परांचीचे लोखंडी पाइप दोराने उभे वर चढवीत होते. पाइप चौथ्या मजल्याजवळ पोहोचला आणि गाठीतून निसटला. खाली उभ्या असलेल्या गड्याच्या खांद्यावर आदळला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसांनी कागद केला: मजुराचा हलगर्जीपणा. आम्ही तेव्हा तिशीतले, रक्त गरम. संध्याकाळी दारावर सभा घेतली आणि गरजलो, 'कुजका दोर देऊन माणसे मारता काय?' टाळ्या पडल्या.

सभा पांगल्यावर एक म्हातारे कामगार जवळ आले. तरुणपणी ते मचव्यावर खलाशी होते. म्हणाले, 'भाऊ, दोर बघितलात का?' आम्ही गप्प. 'बघा की. कुठं तुटलाय? दोर शाबूत आहे. गाठ सुटली.'

आम्ही शरमलो. दोर न पाहताच आम्ही दोराला आरोपी केले होते. समोरच्याने गाठ न पाहताच मजुराला. म्हाताऱ्यांनी तोच दोर आणि तसाच पाइप घेऊन आम्हाला दाखवले. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्या कामावर काथ्याचा खरखरीत दोर होता. मग नवा पॉलिप्रॉपिलिनचा दोर आला. हलका, न कुजणारा, काथ्यापेक्षा मजबूत. दोर चांगलाच होता! पण गुळगुळीत होता. मजुराने वर्षानुवर्षे बांधली तीच गाठ बांधली. काथ्याने ती चूक पोटात घातली होती. नव्या दोराने घातली नाही.

आम्ही विचारले, 'बाबा, मग बांधायचं कसं?' ते म्हणाले, 'ओढ कुठनं येणार ते आधी बघायचं, मग वेढा टाकायचा.' त्यांनी पाइपाच्या खालच्या अंगाला दोराचे टोक दोराभोवतीच तीनचार पिळे देऊन गुंतवले आणि वरच्या टोकाजवळ एक अर्धा वेढा टाकला. पाइप उभा राहिला आणि जागचा हलला नाही. जहाजावर हिला 'टिंबर हिच' म्हणतात, हे आम्हाला पुढे पुस्तकात वाचून कळले. अमेरिकेच्या क्लिफर्ड अ‍ॅशली यांनी १९४४ साली गाठींचा एक प्रचंड ग्रंथ छापला. त्यात साडेतीन हजारांहून अधिक नोंदी आहेत.

या सर्वांमागे गणित आहे. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने वेढ्याचा हिशेब मांडला. खुंट्याला दोराचे दोन पुरते वेढे द्या आणि एका टोकाला एक किलोचा जोर धरा. घर्षणाचा अंक ०.३ असेल तर दुसऱ्या टोकाची सुमारे ४३ किलोंची ओढ थोपते. अंक ०.२ वर आला तर फक्त १२ किलोंची! घर्षण एक तृतीयांशाने घटले आणि पकड चौथ्या हिश्शाच्या आसपास आली. १९७७ साली बेन्जामिन बेमन या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकाने हाच हिशेब या गाठींना लावला. त्याचे सार असे: प्रत्येक गाठीची घर्षणाची एक किमान मर्यादा असते. घर्षण मर्यादेच्या वर असेल तर ओढ वाढेल तशी पकडही वाढते. खाली असेल तर हलक्या ओढीनेही गाठ सरकते. ती मर्यादा ठरते वेढ्यांच्या मांडणीवरून. 'जोर लावून आवळले की झाले' ही आपली समजूत म्हणूनच अपुरी आहे. गाठ आवळून बसवावी लागतेच. पण मांडणी चुकली तर मनगटाचा जोर ती भरून काढू शकत नाही.

पुढच्या सभेत आम्ही उभे राहून सांगितले की दोर कुजका होता हे आमचे म्हणणे खोटे होते. काही सोबती नाराज झाले. मालकाच्या हाती कोलीत दिलेत, असे म्हणाले. परंतु खरे कारण हाती आल्यावर मागणीही खरी झाली. आम्ही तीन गोष्टी मागितल्या. दोराची जात बदलली तर कामगारांना आधी सांगावे. नव्या दोरावर बांधण्याचा सराव पगारी वेळेत द्यावा. भार उचलण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने गाठ पाहावी, आणि भाराखाली कोणी उभे राहू नये. पहिली व तिसरी मागणी मान्य झाली. पगारी सरावाला नकार मिळाला, म्हणून तो आम्ही सुटीनंतर शेडमध्ये घेऊ लागलो. म्हातारे शिकवीत. पहिल्या दिवशी आमच्याच गाठी त्यांनी तीनदा सोडून टाकल्या. जखमी गड्याच्या भरपाईसाठी दोन वर्षे भांडावे लागले. भरपाई मिळाली. खांदा मात्र परत आला नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कपड्यांची दोरी असेल, गच्चीवर ताडपत्री असेल, स्कूटरवर गॅसची टाकी बांधून न्यावी लागत असेल. घरी गेल्यावर ती गाठ एकदा पाहा. टोके कोठून निघतात? ओढ कोणत्या बाजूने येते? दोर गुळगुळीत आहे काय? असेल तर टोक वीतभर लांब ठेवा आणि दोराभोवतीच आणखी एक अर्धा वेढा टाका. आणि कधी कोणाच्या हातून ओझे निसटले, तर त्याला बेपर्वा म्हणण्यापूर्वी दोर हातात घ्या आणि त्याला कोणी शिकवले होते का, एवढे विचारा.

 दोर इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना बांधून पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे.