वाचलेलें एकमेकांस सांगूं या
(एका खेड्यांतील वाचनालयाच्या वार्षिक सभेंत झालेलें भाषण)



आज आपल्या वाचनालयाची वार्षिक सभा आहे. कपाटांत नवीं पुस्तकें किती आलीं, जुनीं किती फाटलीं, वर्गणी कोणाकडे थकली, हा सर्व हिशेब चिटणीसांनीं आतांच वाचून दाखविला. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणें सरकार वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतें व त्याप्रमाणें अनुदान देतें. त्यासाठीं हा हिशेब पाहिजेच. परंतु आम्हांस दुसरा एक हिशेब मांडावयाचा आहे. वर्षभर पुस्तकें घरोघर गेलीं. तीं वाचून आपणांस काय वाटलें? आणि जें वाटलें तें आपण कोणास सांगितलें काय? हा हिशेब कोणत्याच वहींत लिहिलेला नसतो, म्हणून आज तो तोंडीं मांडतों.

तुम्हांस ठाऊकच आहे कीं, गेलीं दोन वर्षें आपण महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या आइतवारीं जेवणें झाल्यावर येथें जमतों. ज्याच्या हातीं जें पुस्तक असेल त्यानें त्याविषयीं दोन शब्द बोलावे, असा रिवाज आपण घातला. प्रारंभीं कोणी तोंड उघडीना. "आम्ही अडाणी मानसं, पुस्तकातलं आम्हाला काय कळतंय? मास्तरांनी सांगावं, आम्ही ऐकावं," असें जो तो म्हणे. बियाणें बोटांत चोळून त्याची पारख करणारा शेतकरी, लाकूड वाजवून तें आंतून पोखरलें आहे कीं नाहीं हें ओळखणारा सुतार, कालवण चाखल्यावांचून नुसत्या वासानें मीठ कमी आहे असें सांगणारी बाई, ही सगळीं माणसें पुस्तक पुढें आलें कीं मान खालीं घालतात! ज्या पुस्तकांत आपल्याच शेताची, आपल्याच चुलीची आणि आपल्याच कर्जाची गोष्ट आहे, त्याची पारख आपण नाहीं करणार तर कोण करणार?

कोणी म्हणेल, ज्यास अक्षर येत नाहीं त्यानें मत काय द्यावें? त्यास आमचें उत्तर असें कीं, आपल्याकडे ही चाल जुनीच आहे. जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ हें पुस्तक १८८३ सालीं लिहून पुरें केलें. सगळें पुस्तक छापून लोकांच्या हातीं जाण्याच्या आधींच त्यांनीं तें पुणें, मुंबई, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं सभांतून वाचून दाखविलें. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनींही तें ऐकलें. त्याचे पहिले दोन भाग ‘दीनबंधु’ पत्रांत आले. पुढील भाग त्या पत्रानेंसुद्धां छापले नाहींत. म्हणजे या पुस्तकाचे पहिले वाचक कोण, तर ओट्यावर बसून ऐकणारे लोक. त्यांतील किती जणांस अक्षरओळख असेल? तरी पुस्तक त्यांच्याविषयीं होतें, आणि खरें काय व खोटें काय हें तेच सांगूं शकत होते.

बहिणाबाई चौधरी यांस लिहितां वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं घरांतल्या माणसांनीं टिपून ठेवलीं, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. अण्णा भाऊ साठे शाळेंत फारसे बसलेच नाहींत. त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीस १९६१ सालीं राज्य सरकारचें बक्षीस मिळालें. ज्यास शाळा मिळाली नाहीं तो मनुष्य पुस्तक रचूं शकतो, तर पुस्तकाविषयीं बोलूं कां शकणार नाहीं? म्हणून आपल्या बैठकींत पहिला नियम हाच केला कीं, ज्यानें वाचलें तो बोलेल आणि ज्यानें ऐकलें तोही बोलेल. वरच्या आळींतील एक आजी नातीकडून वाचून घेतात व येथें येऊन मत देतात. त्यांचें मत ऐकण्यासाठीं आतां पोरें लवकर जेवून येतात, हें तुम्हीं पाहिलेंच आहे.

आतां या वर्षांत काय काय वाचलें गेलें, त्यांतील दोनतीन गोष्टी सांगतों.

आनंद यादव यांचें ‘झोंबी’ हें आत्मचरित्र १९८७ सालीं निघालें व त्यास १९९० सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागलच्या एका गरीब घरांतील मुलास शाळा शिकावयाची आहे; बापास तो शेतांत राबावयास हवा आहे. सगळें पुस्तक या ओढाताणीचें आहे. आपल्यापैकीं एका गृहस्थांनीं तें वाचून सांगितलें, "बाप वाईट न्हवं हो. दुसऱ्याचं रान फाळ्यानं करणाऱ्याला घरातलं एक मानूस कमी झालं तर कसं भागंल? त्यानं गडी कुठनं आणायचा?" पुष्कळांनीं माना डोलाविल्या. तेव्हां आजी म्हणाल्या, "बापाचं सगळे बोलताय. आईचं कुनी वाचलं का न्हाई? बाळंतपनं आन् काम, काम आन् बाळंतपनं." थोडा वेळ सगळे गप्प झाले. मग मागें बसलेली दहावींतील एक मुलगी उठून म्हणाली, "त्याला शाळेसाठी बापाशी भांडता तरी आलं. त्याच्या बहिणींसाठी कुणी भांडायचं?"

या प्रश्नास त्या रात्रीं कोणीही उत्तर दिलें नाहीं. परंतु त्या बैठकीनंतर आपल्या गांवांत निदान तीन घरांतून मुलीस पुढें शिकवावें कीं नाहीं यावरून वाद झाला, असें आमच्या कानांवर आलें. एका घरांतील वाद मुलीच्या बाजूनें सुटला. दोन घरांतील अद्याप चालूच आहे. आम्हांस तो चालू आहे याचेंच समाधान आहे. पूर्वीं तो सुरूच होत नसे.

दुसरी गोष्ट ‘गांवगाडा’ या पुस्तकाची. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं हें पुस्तक १९१५ सालीं लिहिलें. पाटील, कुळकर्णी, कुणबी, बलुतेदार, गांवोगांव फिरणारे लोक, या सर्वांचा खेड्याच्या जमाखर्चाशीं काय संबंध, हें त्यांत बारकाईनें सांगितलें आहे. कुणब्याच्या खळ्यावर किती जणांचे हात पडतात, याची त्यांत मोठी तक्रार आहे. एका शेतकऱ्यानें तें वाचून मोठ्या आवाजांत सांगितलें, "सोळा आणे खरं लिहिलंय. पिकवायचं आम्ही, आन् न्यायचं सगळ्यांनी."

हें ऐकून आमचे सुतारदादा उठले. त्यांचा आवाज कांपत होता. "पेरनीच्या टायमाला माझा आजा रातच्या रात चिमनीच्या उजेडात पाभरी नीट करायचा. त्या राती ह्या पुस्तकात कुनी मोजल्या? पेंढ्या तेवढ्या मोजल्या. आन् पेंढी मागायला गेलं की भिकाऱ्यावानी उभं करायचे." त्यावर बौद्धवाड्यांतील एक तरुण म्हणाला, "दादा, तुमच्या आजाला पेंढी मागता तरी येत होती. आमच्या आजाला रात्री-बेरात्री हाक आली की निघावं लागायचं, आणि वर शिव्या." त्याच्या हातांत दया पवार यांचें १९७८ सालचें ‘बलुतं’ होतें. बैठक तापली. दोघे जण उठून गेले. आम्हांस वाटलें, झालें, आतां ही चाल मोडली!

पुढल्या बैठकीस आम्हीं एक तोड काढली. ‘गांवगाड्या’चें एक पान आणि ‘बलुतं’चें एक पान, दोन्ही पुस्तकांतील एकेक पान मोठ्यानें वाचावयाचें, मध्यें कोणी बोलावयाचें नाहीं. वाचणारे आलटून पालटून बसविले: शेतकऱ्यानें ‘बलुतं’ वाचावें आणि त्या तरुणानें ‘गांवगाडा’ वाचावा. वाचून झाल्यावर शेतकरी पुष्कळ वेळ उगाच बसले. मग म्हणाले, "खळ्यावरनं काय गेलं त्ये आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं. खळ्याव येनाऱ्याचं काय झालं त्ये कुनी सांगितलंच न्हाई." महारवतन वगैरे कनिष्ठ गांववतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं, कायद्याच्या पुस्तकांत तें प्रकरण मिटलें. परंतु मनांतील हिशेब बाकीच होता, आणि तो उघडावयास दोन पुस्तकें लागलीं. उठून गेलेल्या दोघांपैकीं एक जण पुन्हा येऊं लागला आहे. दुसरा येत नाहीं. त्यास बोलावून आणणें आपलें काम आहे.

तिसरी गोष्ट सांगतांना आम्हांस जड वाटतें. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ ही कादंबरी २००२ सालीं निघाली. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून सवरून नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा, त्याचें कोरडवाहू शेत आणि चहूंकडून झालेली त्याची कोंडी, असा तिचा विषय. आपल्यांतील एका तरुणानें ती नेली आणि अर्ध्यावर आणून परत दिली. कारण विचारलें तर म्हणाला, "पुढं वाचवत नाही." कोणी सल्ला दिला, असलीं जीव खालीं जाणारीं पुस्तकें वाचनालयांत ठेवूंच नयेत. आजींनीं मात्र त्यास जवळ बसवून विचारलें, "कुठल्या पानावर थांबलास, बाळा?" त्यानें पान काढून दाखविलें, आणि मग पानाविषयीं बोलतां बोलतां तो स्वतःच्या घराविषयीं बोलूं लागला. किती कर्ज आहे, कोणाचें आहे, हें त्याच्या बापासही पुरें ठाऊक नव्हतें. पुस्तकानें त्याचें कर्ज फिटलें नाहीं. परंतु त्या रात्रीं तो एकटा घरीं गेला नाहीं. चौघे जण बरोबर गेले, आणि दुसऱ्या दिवशीं तेच चौघे सगळे कागद घेऊन त्याच्याबरोबर तालुक्यास गेले. असलें पुस्तक कपाटांत ठेवावें कीं ठेवूं नये, याचें उत्तर तुम्हीच द्या.

कित्येकांस वाटतें, छापलेल्या शब्दास आडवें बोलणें म्हणजे लेखकाचा अपमान. तसें नाहीं. १८८५ सालीं मराठी ग्रंथकारांच्या सभेचें निमंत्रण आलें असतां जोतीरावांनीं जाण्यास नकार दिला, आणि कारण पत्रांत उघड लिहिलें. जे सर्व माणसांस माणुसकीचे हक्क मोकळ्या मनानें देत नाहींत, त्यांच्या सभांशीं व पुस्तकांशीं आमचा मेळ बसत नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. त्यांनीं नुसतें नाक मुरडलें नाहीं, कारण दिलें. आपणही तसेंच करावें, मग तें पुस्तक परक्याचें असो कीं आपल्या पूज्य पुरुषाचें असो.

आतां पुढील वर्षासाठीं चार गोष्टी सुचवितों.

पहिली, पुस्तकाचें व लेखकाचें नांव सांगावें, आणि आपण कोठवर वाचलें तें खरें सांगावें. अर्धें वाचलें असेल तर अर्धें म्हणावें. त्यांत लाज नाहीं. न वाचतां मत देणें ही मात्र लाजेची गोष्ट आहे.

दुसरी, ‘छान आहे’, ‘भारी आहे’ एवढ्यानें भागणार नाहीं. जें आवडलें किंवा टोंचलें त्यांतील एक परिच्छेद मोठ्यानें वाचून दाखवावा, म्हणजे ऐकणारासही आपलें मत बनवितां येईल.

तिसरी, वाद पुस्तकाशीं घालावा. बोलणाराची जात, त्याचें घर, त्याची गरिबी मध्यें आणूं नये.

चौथी गोष्ट मोबाईलची. हल्लीं फुले, शाहू, आंबेडकर यांच्या नांवानें रोज सकाळीं वाक्यें येतात आणि आपण तीं पुढें ढकलतों. त्यांतील कित्येक त्यांनीं कधीं लिहिलींही नसतील. म्हणून असें वाक्य आलें कीं विचारावें: कोणतें पुस्तक, कोणतें पान? फुल्यांचें समग्र वाङ्मय राज्य सरकारच्या साहित्य संस्कृति मंडळानें १९६९ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें आणि तें आपल्या कपाटांत आहे. उठून पाहण्यास दोन मिनिटें लागतात. ज्यांनीं आपणांस विचारावयास शिकविलें, त्यांचेंच नांव घेऊन न विचारतां मान डोलावणें शोभत नाहीं.

बंधुभगिनींनो, सातारा जिल्ह्यांतील भिलार गांवीं २०१७ सालापासून घरोघर पुस्तकें मांडून ‘पुस्तकांचें गांव’ केलें आहे. तेथें दुरून लोक येतात. आपल्या गांवांत तेवढीं पुस्तकें नाहींत, आणि पाहुणेही येणार नाहींत. परंतु एका पुस्तकावर दहा माणसांनीं आपापलें मत मोकळेपणानें सांगावें, एवढें आपणांस करतां येईल, आणि त्यास पैसा लागत नाहीं. येत्या आइतवारीं प्रत्येकानें हातांतलें पुस्तक घेऊन यावें. आणि येतांना शेजारच्या घरांतलें एक माणूस, जें आजवर कधीं येथें बोललें नाहीं, तेंही बरोबर आणावें.